तीनदा मोजलेला पाक

मी कढई बोलतेय. जाड बुडाची, दोन कानांची आणि अंगाने इतकी भारी, की मला एका हाताने उचलणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप आदर वाटतो.

कारखान्यात ठोके खाल्ले, चटके सोसले. ते आमच्या जातीत कुणालाच चुकत नाही, म्हणून त्याचं कौतुक सांगत नाही. पुढे एका आईने मला लेकीच्या लग्नात दिलं. सासरी आधीच तीन कढया नांदत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "नवी आहे, जपून ठेवू." माणसं एखादी वस्तू जपायची म्हणाली, की ती वापरात येत नाही. आठ महिने मी माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

सून नोकरीला होती ती दुकानदारांचे काटे आणि मापं तपासणाऱ्या ऑफिसात. तिथेही नवीच, आणि मुलखाची अबोल. पानगळ सुरू झाली की तिथे एका दुपारी सगळे मिळून काहीतरी गोड करून खायचे. यंदा ते तिच्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "दरवर्षी निम्मी माणसं मधूनच उठून जातात. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद."

बंद पडलं असतं, तर नवीच्या हातून पडलं असंच सगळे म्हणाले असते. तिला धास्ती होती ती त्याची.

चहाच्या वर्गणीतून उरलं, तेवढ्यातच भागवायचं होतं. तिने फळवाल्याकडून डाग पडलेली सफरचंदं स्वस्तात घेतली, किलोभर साखर घेतली आणि मला खाली काढलं. बेत सोपा होता. सोनेरी पाक करायचा आणि ज्याने त्याने आपलं सफरचंद काडीला टोचून त्यात बुडवायचं.

चहाच्या शेगडीवर मी चढले. आयुष्यात पहिल्यांदा पोटात ऊब आली. अर्धी साखर पडली, कडेने वितळू लागली. तेवढ्यात ऑफिसातले सर्वांत जुने तपासनीस थर्मामीटर घेऊन आले. त्यांना सगळे काटेकाका म्हणत.

"पाक काय डोळ्यांनी ठरवायचा?"

"काका, रंग आला की..." ती पुटपुटली.

"रंगाला पुरावा काय? ताई, आकडा लिहा."

टायपिस्ट ताई वही घेऊन सरसावल्या. त्या ऑफिसचा नियमच असा, की कुठलंही माप तीनदा घ्यायचं आणि मग सरासरी काढायची. काकांनी एकदा मोजलं. थर्मामीटर पुसलं. दुसऱ्यांदा मोजलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेला माझ्यातून धूर निघत होता.

"आली सरासरी!" ताई म्हणाल्या.

"आणि गेली साखर," साहेब खोकत म्हणाले. "तरी मी सांगत होतो."

खुर्च्या सरकल्या. माणसं उठू लागली.

"थांबा!"

आवाज कुणाचा, हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. तिलाही लागला असावा. "कुणी जायचं नाही. काका, ते थर्मामीटर खिशात ठेवा. ताई, वही मिटा. सगळ्यांनी सुऱ्या घ्या. साखर निम्मीच उरलीय, अख्खी सफरचंदं बुडायची नाहीत. फोडी करा."

काकांनी मुकाट्याने थर्मामीटर खिशात ठेवलं. त्यांच्या फोडी इतक्या सारख्या निघाल्या, की सगळे हसू लागले.

तिने मला गरम पाण्याने खरवडून काढलं, उरलेली साखर घातली, आणि नजर हलवली नाही. पाक पिवळा झाला, मग मधासारखा. "आता!" ती म्हणाली, आणि माझ्याभोवती चौदा काड्यांची एकच झुंबड उडाली. "अहो, बोट नका घालू!" "माझी फोड पडली आत!" "साहेबांनी तिसरी घेतली, मी बघितलं!"

साहेबांना काही बोलायचं होतं, पण पाकाने दात चिकटले होते. शेवटी उठून त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं: पुढच्या वर्षी साखर दोन किलो.

तेव्हापासून मी ऑफिसच्या चहाच्या खोलीतच राहते. बुडाशी एक काळा डाग राहिलाय, तो राहू द्या. विनंती एकच, मला तारेच्या घासणीने घासू नका, रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. येते आता. बाहेर आमच्या सूनबाई काकांना दरडावतायत, "अहो, बशा मी धुतल्या, पुसायच्या तुम्ही!" आणि काका चक्क पुसतायत.