बाहुली तिसऱ्या दिवशीच निजली

मी एक जुने शिवणयंत्र आहे, मित्रांनो. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, खिडकीपाशी माझी जागा. जन्म कारखान्यातला, पण नाव मिळवून दिले ते सीतालक्ष्मीबाईंनी. तंजावरकडच्या मराठी घरातल्या त्या. मी जरा कुरकुरले की हातातले काम टाकून तेल घालत.

तेच हात २००४ साली चुकले. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट त्यांनी माझ्या खणात बॉबिनांखाली दडवला. नवरात्र तोंडावर होते. साताऱ्याहून आलेल्या सुनेचा, प्राचीचा, हा पहिलाच कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास. पायऱ्यांवर बाहुल्या एकदा मांडल्या की दसऱ्यापर्यंत हलवायच्या नाहीत. मला सगळे ठाऊक होते आणि तोंड नव्हते. माझा मलाच राग येई.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सुई शोधताना तो कागद प्राचीच्या हाती लागला.

"आई, हे कधीचं?"

"तीन आठवडे झाले. कोलू होऊ दे गे, मग जाऊ. दुखत पण नाही."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

बाई खाली बघत बोलल्या. "लहान असली तर तेवढी गाठ काढून किरणांचा शेक देतात. मोठी झाली, काखेत उतरली, तर आधी सलाइनमधून औषध, मग ऑपरेशन. हाडांत गेली तर पुरती जात नाही, औषधानं आवरून धरायची."

"आणि तुमची?"

"काखेत हाताला लागते आता."

प्राची उठली. दसऱ्याला एक बाहुली आडवी निजवली की कोलू संपतो, हे बाईंनीच तिला शिकवले होते. तिने आरासीतली लाकडी राणी उचलून पायरीवर निजवली.

"झाला कोलू. चला."

बाईंचा हात राणीपर्यंत गेला. तिला उभी केली असती, तर दसऱ्यापर्यंतचे सगळे दिवस गेले असते. हात तिथेच थांबला. मग माझ्यावरची एक चिंधी त्यांनी राणीच्या अंगावर घातली आणि चपला शोधू लागल्या.

औषधे, ऑपरेशन, मग शेक. त्या वर्षात मी धूळ खात पडले, माझा पट्टा सैलावला. बाई परतल्या तेव्हा केस नुकते उगवत होते. पहिला झंपर त्यांनी स्वतःसाठी शिवला, डावीकडे कापसाची गादी लावून. मी कुरकुरले.

"तुझं लगेच ऐकते," तेल घालत त्या म्हणाल्या, "माझं ऐकलं नव्हतं."

मित्रांनो, यंत्राला तेल घालाच. पण तुमच्या घरी कुणाच्या खणात असा कागद असेल, तर सण संपायची वाट पाहू नका. बाहुली आजच निजवा.