बाराव्या मिनिटाचं वाक्य

मी बोलतेय, सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटमधली जुनी डीव्हीडी. स्वस्थ पडून राहणं मला जमत नाही. कपाटात असले तरी बाराव्या मिनिटापाशी खाजत राहतं.

माझ्या पोटात एक जुना मेक्सिकन सिनेमा आहे, स्पॅनिशमधला, प्रेमाचा आणि विनोदी. दोन बहिणी, एक देखणा डॉक्टर, पत्रांचा घोळ, शेवटी लग्न. सगळी गोरीगोमटी. सावळी एकटी मोलकरीण. बाराव्या मिनिटाला ती कॉफी ठेवता ठेवता थोरलीला काहीतरी सांगते, सगळे हसतात, आणि खालची इंग्रजी भाषांतराची पट्टी कोरीच राहते. तिचं बोलणं लिहावं असं कुणाला वाटलंच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

नंदकिशोररावांनी मला परदेश दौऱ्यावरून आणलं, एकदा लावलं आणि विसरले. आता ते निवृत्त आहेत. हल्ली त्यांना सारखी चक्कर येते. त्यांची मुलगी गौरी सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते, कानात हेडफोन घालते आणि महादेवपुऱ्याला ऑफिसात जाते. तिथे दिवसभर गिऱ्हाइकांशी स्पॅनिशच बोलते.

गेल्या महिन्यात मराठी मंडळासाठी मला मराठी पट्ट्या जोडायचं काम तिने घेतलं. आणि स्पॅनिश येणारी ही मुलगी माझा आवाज बंद करून इंग्रजी पट्ट्यांवरून मराठी करत बसली. सवय, दुसरं काय. मी बाराव्या मिनिटाला मुद्दाम अडकले. तिने मला फडक्याने पुसलं आणि पुढे नेलं.

शनिवारी तानूबाई कणकेच्या हातांनी दारात थांबल्या. त्या निपाणीच्या, या घरात नऊ वर्षं स्वयंपाक करतात.

"ती बाई काय बोलली, गौरीताई?"

"काही नाही. खाली लिहिलेलं नाहीये."

"त्वांड हललं की तिचं. तिला समदं ठावं हाय बघा."

गौरीने आवाज चालू केला. मला चार वेळा मागे फिरवलं. मग हळूच म्हणाली, "ती म्हणतेय, डॉक्टरांची पत्रं तुम्हाला नाहीत, धाकट्या बाईंना आहेत. मीच तर पोचवते."

थोरलीने तेवढं ऐकलं असतं, तर पुढचा दीड तास कुणालाच रडावं लागलं नसतं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

गौरी हसत होती. "अक्का, तुम्हालाही आमच्या घरातलं सगळं ठाऊक असेल."

"हाय की स्वल्प."

"मग सांगत का नाही?"

"तीनदा सांगितलं. तुमच्या कानात ते असतंय." तानूबाईंनी बोटांची कणीक खरवडली. "सायेब गोळ्या घेत न्हाईत. तुमी गेलासा की कुंडीत टाकत्यात."

गौरीचं हसू गेलं. हेडफोन गळ्यातून काढून तिने टेबलावर ठेवले आणि ती बाबांच्या खोलीकडे धावली.

मी अजून फिरतेच आहे. मला बंद करायचं कुणाच्या लक्षात नाही. राहू दे. मला नंतर कपाटात ठेवा, हवं तर टाकून द्या, पण तानूबाई अजून दारात उभ्या आहेत. त्यांना आणखी काही सांगायचं आहे का, तेवढं विचारा.