फोनमधली माणसं

“सिस्टर, जरा मोठ्याने बोला हो, धड ऐकू येत नाही,” मामांनी फोनच्या पडद्याकडे बघून पुन्हा एकदा विनवलं. त्यावर बेकरीवाल्या काकूंनी तिकडून ओरडून सांगितलं, की आवाज तुमच्याच फोनचा वाढवायचा असतो, मामा.

आता तो वाढवायचा कुठून, हे दिसायला डोळ्यांवर चष्मा हवा, आणि चष्मा राहिला होता घरी. इअरफोनची पिन फोनच्या कुठल्या भोकात घालायची तेही दिसेना. मामांनी अंदाजाने फोनच्या कडेची बटणं दाबली आणि सिस्टरांचा आवाज सलूनभर घुमायला लागला. राहू दे, म्हटलं त्यांनी. सुट्टीचा वार, शटर अर्धं खाली ओढलेलं, भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. ऐकणार कोण?

गिऱ्हाइकं मामांना रेडिओमामा म्हणायची. एकदा का मानेला टॉवेल गुंडाळला, की दाढी संपेपर्यंत त्यांच्या तोंडाला खळ नसायचा. पण या फोनवरच्या बैठकीत रेडिओची बोलती बंद. ज्यांच्या तरण्याताठ्या पोरांना नसलेले आवाज ऐकू येतात, अशी आईबापं दर आठवड्याला इथे जमायची. इस्पितळातल्या वॉर्डाच्या सिस्टर आपल्या स्वयंपाकघरात बसून ही बैठक चालवायच्या. डॉक्टरांनी या दुखण्याला सायकोसिस म्हणतात असं सांगितलं होतं. नाव कळून मामांच्या काळजातली धाकधूक काही कमी झाली नव्हती. ते नुसते ऐकायचे, मान हलवायचे. घरी मात्र सलून झाडायला जातो म्हणून सांगायचे.

खोटं बोलायला कारणही तसंच होतं. फोनमध्ये माणसं बसली आहेत आणि ती आपल्याबद्दल बोलतात, असं त्यांच्या पोराने डोक्यात घेतलं होतं. घरातले फोन तो उशीखाली दडपून ठेवायचा. आईच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. ती माउली रोज भरलेला पेला घेऊन परत फिरायची आणि डोळे पुसून कामाला जायची. विश्वास उरला होता तो एकट्या बापावर. कारण मागे एकदा त्याने विचारलं, तेव्हा मामांनी त्याच्या गळ्याची शपथ घेतली होती, की तुझ्याबद्दल फोनवर कोणीही बोलत नाही. तेव्हा ते खरंच होतं. ही बैठक त्यानंतर सुरू झाली.

त्या एका शपथेवर तो बापाच्या हातून गोळी घ्यायचा. गिळली की तोंड उघडून दाखवायचा. मागच्या खेपेला गोळ्या सुटल्या, तेव्हा पोरगा घरातून निघून गेला, पुलाखाली सापडला आणि वॉर्डात चौघांनी त्याला धरून इंजेक्शन दिलं. धरणाऱ्यांत मामाही होते. पोराने तेव्हा त्यांच्याकडे कसं बघितलं होतं, ते आठवलं की आजही हातातली कात्री थांबायची.

“मामा, आज तुम्ही बोला,” सिस्टर म्हणाल्या. “घरी कसं काय?”

बरं आहे, असं म्हणून ते नेहमीसारखे सुटणार होते. पण आज पडद्यावरचे चेहरेच दिसत नव्हते, नुसते पुसट ठिपके. त्यामुळे की काय, जीभ मोकळी झाली. ते म्हणाले, की इथल्या वस्तऱ्यांच्या ड्रॉवरला कधी कुलूप नव्हतं. हाच पोरगा एकेकाळी त्यातला वस्तरा घेऊन गिऱ्हाइकांची दाढी करायचा. हात माझ्याहून हलका. म्हातारी माणसं त्याच्यासाठी थांबून राहायची. आता मी वस्तरे कुलपात घालतो आणि किल्ली करगोट्याला बांधून झोपतो. तो पाणी प्यायला उठला, तरी माझी झोप उडते.

“पोटच्या पोराला घाबरतो मी, सिस्टर. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते.”

मग बेकरीवाल्या काकू हळूच म्हणाल्या, “मीपण सुऱ्या लपवते हो, मामा. माझी पोर साधी मुंगी मारत नाही. तरी लपवते.”

मामांनी बाहीने डोळे पुसले आणि मान वर केली, तर शटरखाली दोन पाय उभे होते.

ते बूट ओळखायला चष्म्याची गरज नव्हती. पोरगा किती महिन्यांत एकटा उंबरा ओलांडून बाहेर पडला नव्हता. नुसता कोपऱ्यापर्यंत गेला तरी खूप झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. एरवी मामांनी ही बातमी गल्लीभर वाजवली असती. आता मात्र फोन बंद करायला त्यांची बोटं धावली आणि बटण काही सापडेना.

पोरगा वाकून आत आला. दाढी वाढलेली, केस मानेवर आलेले, श्वास लागलेला. हातात चष्म्याचं घर होतं. त्याने ते जपून आरशाखाली ठेवलं.

“विसरला होतात,” तो म्हणाला. मग फोनकडे बघत राहिला. “माझ्याबद्दल बोलत होते ना ते?”

नाही रे, कोणी नाही, हे उत्तर मामांच्या ओठांवर तयार होतं. सिस्टरांनी शिकवलं होतं, की भासाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. पण भास खराच निघाला तर काय करायचं, हे कुठे कोणी शिकवलं होतं? नाही म्हणावं तर पोराने कानांनी ऐकलेलं. हो म्हणावं तर शपथ गेली, शपथेबरोबर गोळी गेली, आणि पुन्हा तो पूल, तो वॉर्ड, ते चौघे. मामांनी खुर्चीचा दांडा धरला.

“हो,” ते म्हणाले. “तुझ्याबद्दलच. मीच सांगत होतो.”

“म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं.”

“हे खरं होतं. बाकीचे आवाज मला ऐकू येत नाहीत, त्यांचं मी काय सांगू? पण हे मी तुझ्यापासून लपवलं. गळ्याची शपथ घेतलेली, तरी लपवलं.”

पोरगा ड्रॉवरपाशी गेला आणि कुलपाला बोट लावलं.

“उघडा हे.”

दाराच्या बाजूला मामा, ड्रॉवरपाशी तो, गल्लीत कोणी नाही. पळून जाता आलं असतं. तसा विचार मनात आला, हे त्यांनी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. करगोट्याची गाठ त्यांना सुटेना. शेवटी किल्ली लागली आणि ड्रॉवर खडखडत बाहेर आला. वस्तरे फडक्यावर ओळीने मांडलेले होते.

पोराने हात लावला नाही. नुसता बघत राहिला आणि मग दोन पावलं मागे सरकला.

“लावा कुलूप,” तो म्हणाला. “किल्ली तुमच्याकडेच असू द्या. मलाही या वस्तऱ्यांची भीती वाटते, बाबा. तुम्हाला वाटते तेवढीच.”

ज्याच्या भीतीने आपण रात्री जागून काढल्या, तोही पलीकडच्या खोलीत याच भीतीने जागा असेल, हे मामांना एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. पोरानेही ओढून पाहिलं.

मग तो फोनपाशी जाऊन वाकला. “पुन्हा बोलणार असाल, तर मला आधी सांगत जा.”

“सांगू,” सिस्टर म्हणाल्या. “चुकलं आमचं.” त्यांनी आणखी काही समजावलं नाही, आणि तिकडूनच बैठक बंद केली.

दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. मामांनी खिशातून पाकीट काढलं, गोळी तळहातावर घेतली आणि हात पुढे केला. पोराने बराच वेळ बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग गोळी उचलली. शटरखालून येणाऱ्या उजेडात धरून तिची एक बाजू पाहिली, मग दुसरी. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. बापाच्या हातची गोळी तो डोळे झाकून तोंडात टाकायचा.

त्याने स्वतः नळ सोडून पेला भरला, गोळी घेतली, पाणी प्यायला आणि पेला उपडा ठेवला. तोंड उघडून काही दाखवलं नाही.

मामांनीही दाखव म्हटलं नाही. त्यांनी आरशाखालचं घर उघडून चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते शटर वर करायला वाकले.