तीन गैरहजेऱ्या

विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य केंद्रातल्या ताईंना मंगळवार नकोसा झाला होता. अकरा वाजले की दारावर टकटक व्हायची, हळूच, दोनदा. उठून दार उघडावं तर बाहेर रिकामं बाक. शिपाईमामा म्हणाले, "वाऱ्यानं वाजत असेल." कसला डोंबलाचा वारा! त्या बोळासारख्या जागेला एक खिडकी नाही.

मंगळवारी अकराची समुपदेशनाची वेळ त्या पोरीची होती. पहिल्या वर्षाची, बोलताना पेनाचं टोपण सारखं काढणारी, घालणारी. होस्टेलच्या खोलीत तिनं जीव दिला, त्याला आता दोन महिने झाले होते.

केंद्राचा नियम अगदी सोपा. विद्यार्थी लागोपाठ तीनदा आला नाही की कॉम्प्युटर फाइल बंद करतो आणि शेरा मारतो, 'मदतीची गरज संपली'. असे शेरे वाढले की केंद्राचं यश वाढतं. यंदा सत्त्याण्णव टक्के, घ्या! केंद्राच्या साहेबांना हा आकडा पाहुण्यांपुढे मिरवायचा होता, आणि तो समजावून सांगायला कोण? ताई. सलग तीन मंगळवार, सकाळी अकराला, सभागृहात. इकडे पोरगी यायची, बंद दारावर टकटक करायची, बाकावर बसून बसून निघून जायची. मामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आल्याची नोंद करायची ताईंनी, आणि त्यांचीच खुर्ची रिकामी. म्हणून कॉम्प्युटरनं तिन्ही वेळा गैरहजेरी लावली ती पोरीची.

ताईंना हे कळलं ते सगळं संपल्यावर. साहेब म्हणाले, "झालं ते झालं. उगाच तोंड उघडू नका."

आजही टकटक झाली. ताई जागच्या हलल्याच नाहीत. तेवढ्यात दार उघडलं आणि पोरीचे वडील आत आले.

"ताई, एकच विचारायचंय. शेवटी शेवटी ती इथं येत होती का हो?"

नाही म्हटलं असतं तर ताई सुटल्या असत्या. कागदावरही तेच होतं.

"येत होती," त्या म्हणाल्या. "तीनदा आली. मीच जागेवर नव्हते, काका. चुकलं आमचं." आणि त्यांना रडू आवरेना.

वडिलांनी खिशातून केंद्राचं छापील पत्र काढलं. फाइल बंद झाली की तोच शेरा घेऊन ते आपोआप घरी जातं.

"फोनवर म्हणत होती, बाबा, मला घरी यायचंय," ते म्हणाले. "मी हेच वाचून दाखवलं तिला. म्हटलं, अगं वेडे, तू आता बरी झालीस. विद्यापीठानंच लिहून दिलंय."