चौथा परका

ज्या वर्षी मास्तरांच्या थोरल्या लेकीने बापाच्या नाकावर टिच्चून परदेशी गोलकीपरशी लग्न केलं, त्याच वर्षी फुटबॉल महासंघाने नियम काढला: मैदानात एका वेळी परदेशी खेळाडू तीनच. मास्तर क्लबचे प्रशिक्षक. जावयाला सगळे भिंत म्हणत. सहा वर्षं क्लबचा गोल त्यानेच राखला होता; नागरिकत्व मिळायला अजून चार वर्षं होती.

मास्तरांनी तिन्ही जागा पुढे गोल मारणाऱ्यांना दिल्या आणि जावयाला बाकावर बसवलं.

"नियम काही मी केला नाही, जावईबापू," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "गोल अडवायला आपली पोरं आहेत."

"मग मी कोणाचा?"

"ते लग्नाआधी विचारायचं होतं."

खोलीत हशा पिकला. भिंतीने हातमोजे पिशवीत कोंबले. हंगाम असाच गेला तर करार संपणार, आणि वर्षभर बाकावर बसलेल्या गोलकीपरला दुसरा क्लब दारातही उभा करत नाही.

घरी बायको म्हणाली, "बाबांपुढे डोकं आपटून काय होणार? टेंगूळ तुलाच येईल. कोर्टात जा."

तो गेला. कामाच्या ठिकाणी देशावरून भेदभाव करायचा नाही, असा कायदा होता. महासंघ म्हणाला, खेळ म्हणजे कारखाना नव्हे. क्लबने महासंघाचीच री ओढली. त्या दिवसापासून सरावात चेंडू नेमके भिंतीच्या तोंडावर येऊ लागले. मालिश करणाऱ्याकडचं तेल त्याची पाळी आली की संपायचं.

शेवटच्या मॅचला बरोबरी पुरे होती. हरलं तर क्लब खालच्या विभागात जाणार. उत्तरार्धात गोलकीपर खांबावर आदळला आणि निपचित पडला. मास्तर बाकाकडे वळून ओरडले, "भिंत! बघत काय बसलास? जा!"

आत तीन परदेशी आधीच होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलंही. पण सासऱ्याने पाठीवर जोरात थाप मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तो धावत सुटला.

त्याने दोन गोल वाचवले. बरोबरी झाली. खेळाडूंच्या अंगावरचा घाम वाळायच्या आत समोरच्या क्लबने तक्रार ठोकली: परदेशी चार. मॅच गेली, क्लब खाली गेला.

"मुद्दाम गप्प बसला!" मास्तर भेटेल त्याला सांगू लागले. "खटल्यासाठी घर बुडवलं. अस्तनीतला निखारा!"

कोर्टात महासंघाने मास्तरांनाच साक्षीला आणलं. जावई कसा दगाबाज, ते त्यांनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. मग जावयाची वकीलबाई उठली.

"नियम तुम्हाला माहीत होता?"

"तोंडपाठ."

"मग त्याला आत पाठवताना तुम्ही काय पाहिलंत?"

"पाहायचंय काय त्यात? गोलकीपर पडला होता, गोलकीपर हवा होता."

"आणि तो परदेशी आहे, हे?"

मास्तरांनी ओठ चावला. "तेवढ्यापुरतं डोक्यातून गेलं."

महासंघाच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

ज्याने नियम पाळायचा त्यालाच ऐन कामाच्या वेळी तो आठवत नाही, तर खेळाला त्याची गरज कसली, असं म्हणून न्यायाधीशांनी नियम रद्द केला. तरी क्लबने भिंतीला ठेवलं नाही. परदेशी म्हणून काढता येत नव्हतं. नकोसा म्हणून येत होतं. ज्या क्लबने तक्रार केली होती, त्यानेच त्याला घेतलं.

"त्या हरामखोरांचं मीठ खाणाऱ्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही," मास्तरांनी लेकीला फोनवर सुनावलं.

"बोलावलंय कोणी?" लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

सुंभ जळला, पण पीळ गेला नाही. त्यानंतर सासरा-जावई एकमेकांशी बोलले नाहीत. त्याच वर्षी, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मास्तर झोपेत वारले.