एका घरच्या सात पाट्या

मी एक जुनी मालमोटार आहे. नायगावच्या शिवारात, ग्यानोबाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, चिंचेच्या झाडाखाली उभी आहे. माझ्या टपावर कोंबड्या बसतात, इंजिनाच्या जागी बाभळीच्या काट्या भरल्या आहेत आणि शाळा सुटली की पोरं माझ्या स्टिअरिंगला लटकून तोंडानेच भोंगा वाजवतात. मित्रांनो, तुम्ही खुशाल लटका, त्याचा मला राग नाही. पण राग मला आहे, आणि तो चांगलाच डोक्यात गेलेला आहे. जुन्या वस्तूंनी डोळ्यांत पाणी आणून शांतपणे बोलावं अशी रीत आहे म्हणे. ती माझ्याच्याने पाळवणार नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथे ब्रॅमवेल नावाचा एक म्हातारा पूर्वी घोडागाड्या करायचा. प्रत्येक गाडीच्या बैठकीखाली तो आपलं नाव खडूने लिहायचा. कुणाच्या गाडीचा आस मोडला तर तो माणूस थेट म्हाताऱ्याच्या दारात येई आणि म्हातारा जेवणावरून उठून हातोडा घेई. कारखान्यातले जुने कामगार हे एकमेकांना सांगत, तेव्हा मी नुसता सांगाडा होते. म्हाताऱ्याच्या मुलांनी मोटारी काढल्या. नातवांच्या हाती कारभार आला तेव्हा बँकवाले येऊन बसले. त्यांनी शेजारचा कारखाना विकत घेतला, मग पलीकडचा घेतला, मग लोखंडाचा, मग ब्रेकचा. पाटी मात्र एकाही कारखान्याची उतरवली नाही. लोकांना वाटे, बाजारात सात कंपन्या आहेत. घर एकच होतं.

या सगळ्यांच्या डोक्यावर त्यांनी एक आई-कंपनी बसवली. ही आई काहीच घडवत नाही. तिच्याकडे भट्टी नाही, ऐरण नाही, तिच्या हाताला कधी काजळी लागलेली नाही. ती टेबलाभोवती बसते आणि मालकी करते. आपल्याकडे एखाद्या मोठ्या घरात चुली वेगळ्या असतात आणि कणगी एक असते, तसलाच हा कारभार. धान्य भरायची वेळ आली की सगळे एक, आणि दारात कुणी गाऱ्हाणं घेऊन आला की जो तो शेजारच्या चुलीकडे बोट दाखवतो.

माझे भाग पेट्यांत भरून मुंबईला आले. तिथे आम्हाला जोडणारी शेड होती, तीही त्याच घरची, पाटी निराळी. माझ्या बरोबरीच्या गाड्या जोडताना ब्रेकच्या दोन सळया ओढून पाहताच काटकीसारख्या तुटल्या. शेडच्या साहेबाने विलायतेला तार केली. सळईवाली कंपनी म्हणाली, जोडणाऱ्यांनी जास्त आवळल्या असतील. मोटारवाली म्हणाली, सळया आम्ही करत नाही. आई म्हणाली, आम्ही तर काहीच करत नाही. शेवटी ठरलं की हा सगळा घाणा, म्हणजे असल्या सळया बसवलेल्या सगळ्या गाड्या, निजामाच्या मुलखात धाडावा. तिकडे रस्ते सपाट आहेत आणि बोलणारं कोण आहे? हे माझ्यासमोर ठरलं, मित्रांनो, माझ्या बॉनेटवर चहाचा पेला ठेवून. माझी सळई त्याच घाण्यातली होती.

नांदेडला वजिराबादेत दत्तोपंतांचं दुकान होतं. कोट स्वच्छ, बोलणं गोड. नायगावचा ग्यानोबा मला बघायला आला तेव्हा सोबत त्याची बायको साखराबाई होती. ग्यानोबा जिनिंगच्या गाडीवर ड्रायव्हरकी शिकलेला, भोळसट नव्हता. त्याने मला खालून-वरून पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली, उद्या काही मोडलं तर जाब कुणाला विचारायचा?

"अहो ग्यानोबा," दत्तोपंत म्हणाले, "कंपनी म्हणजे एकच घर आहे. चाकापासून कंदिलापर्यंत सगळं एका आईच्या हातचं. तुम्ही फक्त हाक मारा."

साखराबाई शेजारीच उभी होती. तिने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

माझी चांगली वर्षं ती. हिमायतनगरचा कापूस मी नांदेडला नेला, नायगावची ज्वारी लातूरच्या आडतीवर नेली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे शिपाई माझा भोंगा ओळखत. वऱ्हाडं माझ्यात बसून गेली आणि गाणी म्हणता म्हणता माझ्या फळ्यांवर पानाच्या पिचकाऱ्या मारून गेली. त्याचंही मला कौतुकच वाटे. लोक म्हणत, ग्यानोबाची मोटार म्हणजे लक्ष्मी. साखराबाई रोज सकाळी माझ्या काचेवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची.

आता पोळ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोललेले असतात. त्यांना हळद आणि तेल चोळायचं आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला लावायचं नाही. साखराबाईने पहिल्याच वर्षी नवऱ्याला विचारलं, हिचा खांदा कुठला? ग्यानोबा हसला आणि म्हणाला, चाकावरचा हा गोल पत्रा, हाच म्हण. बाईने खरोखरच माझ्या दोन्ही मडगार्डांना हळद-तेल चोळलं. थोडं तेल चाकावर ओघळलं. मग ती माझ्या कंदिलांकडे बघून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मला असं कुणी कधी बोलावलं नव्हतं. ज्या आईने मला विकलं तिने तर माझं तोंडही पाहिलं नव्हतं. दर पोळ्याला साखराबाईचा तो खरखरीत तळवा माझ्या पत्र्यावरून फिरे, आणि पोळ्याच्या दिवशी ग्यानोबा मला हलवत नसे, कितीही निकडीचं भाडं असो.

एका वर्षी पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर झाली आणि ज्वारीची पोती भरून आम्ही लातूरकडे निघालो. नांदेडपेक्षा लांबचा पल्ला होता. अहमदपूरच्या अलीकडे रस्ता उतरतो. सपाट मुलूख म्हणणाऱ्यांनी तो उतार येऊन बघावा. समोरून एक बैलगाडी चढत होती, तीत लेकुरवाळ्या बाया. ग्यानोबाने ब्रेकवर पाय दिला आणि माझ्या पोटाखाली सळई तुटली. पेडल थेट फळीला टेकलं. त्या माणसाने क्षणभरही विचार केला नाही. त्याने मला रस्त्याखाली, बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडावर घातलं. बैलगाडी सुखरूप चढून गेली. ग्यानोबाचा उजवा पाय माझ्या पत्र्यात चेंगरला. लोकांनी त्याला ओढून काढलं तेव्हा तो एकच गोष्ट बडबडत होता, ब्रेक पायाखालून गेला, ब्रेक पायाखालून गेला. नांदेडच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला ओढत नायगावला आणलं ते त्याच्याच बैलांनी. मग मुंबईहून कंपनीचा साहेब आला, सोबत दत्तोपंत. सगळं गाव आखाड्यावर जमलं. साहेब माझ्याखाली शिरला. त्याने तुटलेली सळई पाहिली, तिचे तुकडे सोडवले, रुमालात गुंडाळले आणि पिशवीत टाकले. दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि आपल्या जोड्यांकडे नजर वळवली. साहेब बाहेर आला. माझ्या चाकावर हळदीचा पिवळा ओघळ वाळलेला होता. साहेबाने छडीचं टोक त्यावर ठेवलं आणि काहीतरी बोलला. दत्तोपंतांनी गावाला समजेल असं सांगितलं, "साहेब म्हणतात, बाईंनी चाकाला तेल चोळलं, ते ब्रेकला लागलं, म्हणून गाडी थांबली नाही. कंपनीचा यात दोष नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. मला ओरडायचं होतं. पण माझा भोंगा लिंबाच्या झाडावर फुटला होता आणि बॅटरी उतरली होती. साखराबाईने आपले दोन्ही तळहात उलटून पाहिले. त्यांवर अजून हळदीची झाक होती.

गावाला तेवढंच पुरलं. पाणवठ्यावर बाया म्हणू लागल्या, हौसेपायी नवऱ्याचा पाय घालवला. ग्यानोबा दवाखान्यातून परतला. तो तिला कधी टाकून बोलला नाही, पण साहेबाचं बोलणं त्याच्याही कानी आलं आणि मनात रुतून बसलं. पुढच्या पोळ्याला साखराबाई हळद-तेलाची वाटी घेऊन गोठ्याकडे निघाली, तेव्हा तो बाजेवरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गडी मळंल." तिने वाटी जागच्या जागी खाली ठेवली. त्यानंतर तिने ना बैलांच्या खांद्याला हात लावला, ना माझ्या. माझ्यासमोरून जाताना ती मान खाली घालून जाई. कित्येकदा वाटे, मला मोडीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका श्रावणात उदगीरकडचा रेवणप्पा शोधत शोधत आमच्या आखाड्यावर आला. त्याच्याकडेही माझ्याच घाण्यातली एक मोटार होती. ती उदगीरच्या उतारावर उलटून तिचा ड्रायव्हर, म्हणजे रेवणप्पाचा भाऊ, जागीच गेला होता. तिथेही तोच साहेब आला होता आणि म्हणाला होता की ड्रायव्हर पेंगला. मेलेला माणूस उठून नाही थोडाच म्हणणार? पण साहेब यायच्या आधीच रेवणप्पाने तुटकी सळई काढून घरी ठेवली होती. ती त्याने साखराबाईपुढे धरली. तुटलेल्या टोकाशी ती आतून पोकळ होती, किडलेल्या दाढेसारखी.

"अक्का," तो म्हणाला, "आमच्या गाडीला कुनी तेल लावलं न्हवतं."

ग्यानोबाने सळई हातात घेतली. बराच वेळ तो ती फिरवत राहिला. मग म्हणाला, "तेल असतं तर गाडी घसरली असती. माझा तर पेडलसकट पायच खाली गेला. मला ठावं होतं." आणि त्याने आपल्या तुटक्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला. खरं काय ते ज्या पायाला माहीत होतं, तोच पाय कापला गेला होता. तोंड मात्र शाबूत होतं, ते इतकी वर्षं गप्प राहिलं.

त्याच आठवड्यात दत्तोपंत नायगावात आले, कोऱ्या करकरीत मालमोटारीत बसून. बॉनेटवर नवा पितळी बिल्ला, नाव वेगळंच. ब्रॅमवेल आता जुनी झाली, ही वेगळी कंपनी, असं ते जमलेल्या लोकांना सांगत होते. माझ्या समोरच गाडी उभी होती. मी तिला तोंडावरून ओळखलं. आस तोच, फळ्या त्याच, आई तीच. घराने नुसती एक पाटी बदलली होती.

साखराबाई गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात रेवणप्पाची सळई होती. ती ओरडली नाही, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"पंत, ह्या गाडीची सळई कुन्या घरची?"

दत्तोपंतांनी सळईकडे पाहिलं आणि ओळखलं. मग ते सांगू लागले की सळईवाली कंपनी निराळी, जोडणारी निराळी, विकणारी निराळी, हैदराबादचा एजंट निराळा आणि आपण तर नांदेडचे नुसते दुकानदार.

"इकताना तुमी म्हनला, एकच घर हाय, फकस्त हाक मारा," साखराबाई म्हणाली. "मी हाक मारून राहिले. घरातलं कुनीच घरी न्हाई का?"

दत्तोपंत गाडीकडे वळले.

"माझ्या हाताला नाव ठेवलं ते हितंच, ह्याच लोकांत. ते हितंच परत घ्या."

पंतांची नजर एकदा पितळी बिल्ल्याकडे गेली. "मी नुसता दुकानदार आहे, साखराबाई," ते म्हणाले आणि गाडीत चढले. गाडी निघून गेली. नायगावात ती कुणी घेतली नाही, आणि पाणवठ्यावरच्या बायांची तोंडंही त्या दिवशी बंद झाली. पण शब्द काही परत आला नाही. विलायतेत त्या टेबलाभोवती कुणाला साखराबाई हे नावसुद्धा ठाऊक नाही, आणि मला राग आहे तो याचा. मोडतं तर सगळंच, मित्रांनो. पत्रा मोडतो, माणूसही मोडतो. पण आपलं पाप झाकायला एका बाईच्या मायेला बोल लावायचा, आणि तो लावणारा नेमका कोण हेही कळू द्यायचं नाही, हे मी गंजून माती झाले तरी विसरणार नाही.

तुमच्या घरात उद्या काही मोडलं तर आधी जवळच्या हाताकडे बोट दाखवू नका. ज्याने पुसलं, वापरलं, जपलं, तोच हात सगळ्यात जवळ असतो, म्हणून तो लगेच सापडतो. ती वस्तू घडवली कुणी, हे विचारा. एका पाटीने दुसऱ्या पाटीकडे धाडलं तर तिथे जाऊन विचारा.

परवा खांदेमळणी होती. दिवस कलताना ग्यानोबा कुबडी टेकत गोठ्याकडून आला. एका हातात हळद-तेलाची वाटी होती, थोडं तेल वाटेत सांडलं होतं. साखराबाई शेणाच्या गोवऱ्या रचत होती. त्याने तिला बोलावलं आणि वाटी तिच्यापुढे धरली.

"तू मळ," तो म्हणाला. "बैलं वाट बघून राहिलीत. माझीच चूक झाली."

हात धुऊन तिने वाटी घेतली. बैलांचे खांदे मळून झाले तेव्हा वाटीत थोडं तेल उरलं होतं. ती माझ्याकडे आली. इतक्या वर्षांनी तो खरखरीत तळवा माझ्या गंजलेल्या पत्र्यावरून फिरला, आधी डाव्या, मग उजव्या खांद्यावर. समोर ब्रॅमवेलचा बिल्ला अजून आहे. तिने तिथून हात बाजूला घेतला.

मग माझ्या फुटक्या कंदिलांकडे बघून ती म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."