नाव वगळून विचारलेला प्रश्न

समितीच्या खोलीत अकरा नगरसेवक होते, दोन अधिकारी, पाण्याचे चार जग, बिस्किटांच्या दोन बशा, आणि जनतेसाठी मांडलेल्या वीस खुर्च्यांपैकी एकीवर रोवेना पिकरिंग. बाकीच्या एकोणीस रिकाम्या होत्या.

रोवेनाचा भाऊ क्लाइव्ह हिवाळ्यात घरातच वारला. ती तेव्हा काही दिवस दूरच्या गावी होती; तो फोन उचलत नाही म्हणून तिने तिथूनच पोलिसांना कळवलं होतं. घरी जाऊन विचारपूस करणं आता आमच्याकडे नाही, आरोग्य खात्याला सांगा, असं ते म्हणाले. आरोग्यवाल्यांनी तिला परत पोलिसांकडे पाठवलं. दार वाजवायला कोणीच गेलं नाही. क्लाइव्ह जिन्याखाली पडला होता, आणि पडल्यावर रात्रभर जिवंत होता, हे शवविच्छेदनात निघालं. जायचं नेमकं कोणी होतं, एवढंच रोवेनाला जाणून घ्यायचं होतं.

नगरसेविका बेरिल ऑटवे दोन्ही समित्यांवर होती: आरोग्य सेवेवर देखरेख करणाऱ्या आणि पोलिसांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या. नागरिकाला सभेत प्रश्न विचारता येतो, पण तो आधी लेखी द्यावा लागतो आणि त्यात कोणा एकाचं प्रकरण चालत नाही, हा नियम तिला पाठ होता. म्हणून आठवड्यापूर्वी ती रोवेनाच्या स्वयंपाकघरात पेन घेऊन बसली. आधी नाव खोडलं, मग गल्ली.

"जिना तरी राहू दे," रोवेना म्हणाली.

"नको गं. त्यावरूनही ओळख पटते. मग प्रश्नच बाद करतात."

चहा निवेपर्यंत प्रश्न एका ओळीवर आला होता. नियमात चोख बसत होता, याचं बेरिलला तेव्हा समाधान वाटलं.

आज आरोग्याच्या समितीपुढे रोवेनाने तो उभं राहून वाचला: एकट्या राहणाऱ्या रहिवाशांची विचारपूस करणं कोणत्या खात्याची जबाबदारी आहे? एका अधिकाऱ्याने तिचे आभार मानले आणि दोन्ही खात्यांत उत्तम समन्वय असल्याचं सांगितलं. अध्यक्ष थ्वेट यांनी प्रश्नोत्तराची नोंद घेतली आणि पान उलटलं.

रोवेना बेरिलच्या मागच्याच रांगेत होती. ती पुढे वाकली.

"अगं बेरिल, तू त्याला इतकं नीट काढून टाकलंस, की कोणी मेलंय असं वाटलंच नाही."

बेरिलने हात वर केला. हा विषय दोन्ही समित्यांनी एकत्र बसून तपासावा, असा ठराव तिने मांडला. थ्वेट म्हणाले, हा पोलिसांचा विषय, त्या समितीत मांडा. तिथे गेल्या महिन्यात हा आरोग्याचा विषय असल्याचं मला सांगितलं गेलं, असं ती म्हणाली.

"आता तुम्ही दोन खुर्च्यांवर बसता, बेरिल, त्याला आम्ही काय करणार?" थ्वेट म्हणाले. दोन-तीन जण हसले.

"त्याचं नाव क्लाइव्ह पिकरिंग होतं," बेरिल म्हणाली. "तो जिन्याखाली पडून होता."

नाव इतिवृत्तात घेऊ नये, असं थ्वेट यांनी शेजारी बसून टिपणं घेणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितलं. मग ठराव मताला टाकला. हात वर झाले, मोजले गेले, खाली आले. रोवेना कोट घालून उभीच होती.

बाजूने चार, विरोधात सहा, तटस्थ एक.